भाव परत येईल, मृग थांबणार नाही

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण वर्षानुवर्षे बोलत आलो. आज बिटकॉइनच्या भावावर बोलायचे आहे. आपली पोरे मोबाइलवर तो भाव पाहतात आणि कापसाची पट्टी हाती आली की थोडे तिकडे लावू म्हणतात. 'शेअर बाजारासारखेच आहे' असे त्यांना सांगितले जाते. सारखे किती आणि वेगळे किती, ते आपण तपासू.

शेअर म्हणजे कंपनीतला वाटा. मागे कारखाना असतो, नफा झाला तर लाभांश मिळतो. भाव चढो की पडो, त्याला नफ्याचा खुंटा असतो. दावे लांब असले तरी जनावर खुंट्याभोवतीच फिरते. बिटकॉइनमागे कारखाना नाही, नफा नाही, व्याज नाही. २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त नाणी निघणार नाहीत, एवढी हमी आहे. पण माल थोडा म्हणून भाव मिळतोच असे नाही, घेणाराही लागतो. निम्मे पीक गेलेल्या वर्षीही भाव पडलेले आपण पाहिले आहेत.

आता पडझड पाहा. शेअर बाजारही आपटतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास आला. शंभराचे चाळीसही राहिले नाहीत. २०२० च्या करोनात शंभराचे साठ राहिले. बिटकॉइनचे काय? २०१३ ते १५, २०१७-१८ आणि २०२१-२२, अशी तीन वेळा घसरण झाली आणि तिन्ही वेळा शंभराचे पंचवीसही उरले नाहीत.

शेअर बाजाराला लगामही आहे. निर्देशांक १० टक्के घसरला की व्यवहार थांबतात. २३ मार्च २०२० रोजी ते ४५ मिनिटे थांबले, तरी दिवसअखेर सेन्सेक्स १३ टक्के पडलाच. बिटकॉइनचा बाजार रात्री आणि रविवारीही चालू असतो, आणि तो थांबवणारा कोणी नाही. त्याच महिन्याच्या १२ तारखेला एका दिवसात त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाव गेला.

'शेअर पडले तरी हे तरेल, हे नवे सोने आहे' असे सांगत होते. मार्च २०२० मध्ये दोन्ही एकदमच पडले. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर वाढले, तेव्हा तिथला एस अँड पी निर्देशांक वर्षभरात १९ टक्के उतरला आणि बिटकॉइन ६० टक्क्यांहून अधिक. पैसा महाग झाला की तो दोन्हीकडून निघतो, बिटकॉइनमधून जास्त निघतो.

करही वेगळा. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. शेअरमध्ये तोटा वजा करता येतो.

कोणी म्हणेल, डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने १ लाख डॉलर ओलांडले, धरून बसला तो तरला. खरे आहे. पण धरून कोण बसू शकतो? ज्याचा पगार पहिल्या तारखेला येतो तो. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्या आशेवर पुढच्या हंगामात ज्यांनी कापूस घरात ठेवला, त्यांतल्या अनेकांना पेरणीच्या तोंडावर मिळेल त्या भावाने तो काढावा लागला. माल आपला, घर आपले, तरी धरून बसता आले नाही.

आम्ही कोणाला मना करत नाही. आपल्या घामाचा पैसा कुठे लावायचा, हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला आहे. पण बियाण्याचा, खताचा आणि पोरीच्या फीचा पैसा यात घालू नका, आणि कर्ज काढून तर मुळीच नको. जे पूर्ण गेले तरी पेरणी अडणार नाही, तेवढेच लावा. पडलेला भाव दोन वर्षांनी परत येईलही. मृग तोवर वाट पाहत नाही.