नळाच्या पोटातलं डुक्कर



१९८७ सालच्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ या जेम्स बाँडपटात एका रशियन जनरलला सीमेपार पळवतात, तेही गॅसच्या पाइपलाइनमधून. त्याला ज्या डब्यात कोंबतात त्याला म्हणतात ‘पिग’. प्रवास सिनेमातला, पण पिग खरा! तेल-गॅसच्या धंद्यात त्याच्यावाचून पान हलत नाही.

सुरुवातीच्या पिगला चामडं आणि काटेरी तार गुंडाळलेली असे. नळात घासत जाताना तो डुकरासारखा किंचाळे, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

नळ आतून साफ करणाऱ्या पिगला इंजिन नसतं. कडेच्या रबरी चकत्या नळात घट्ट बसतात आणि मागून येणारं तेलच त्याला ढकलतं. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं तेल समुद्रतळावरच्या नळांतून उरणला येतं. ते मेणचट असतं. तळाशी नळ गार पडला की, थंडीत बरणीला तूप धरावं तसं मेण आतून धरतं. पिग ते खरवडत पुढे लोटतो आणि पलीकडच्या टोकाला मेणाच्या चिखलासकट बाहेर पडतो.

हा झाला झाडूवाला. त्याचा शिकलेला भाऊ म्हणजे इंटेलिजंट पिग. त्याच्या अंगावर जबर ताकदीची चुंबकं असतात. नळाचं पोलाद गंजून जिथे पातळ झालं असेल, तिथे चुंबकीय क्षेत्र भिंतीबाहेर सांडतं. सेन्सर ते टिपतात आणि छोटी चाकं अंतर मोजतात. मग खणायचं कुठे, हे नेमकं कळतं. मात्र जुन्या नळातलं काटकोनी वळण किंवा अरुंद व्हॉल्व्ह आला, की हा विद्वान तिथेच अडकतो.

पिग पाठवलाच नाही तर? अलास्कातल्या प्रूडो बे इथे बीपी कंपनीच्या नळांतून कित्येक वर्षं पिग फिरला नव्हता. मार्च २००६ मध्ये गाडीतून जाणाऱ्या एका कामगाराला तेलाचा वास आला. बर्फाखाली सुमारे १० लाख लिटर तेल सांडलं होतं. नळाला पडलेलं भोक मात्र करंगळीच्या नखाएवढं! गळती वेळीच कोणाच्या लक्षात आली नव्हती. त्यानंतर तिथल्याच दुसऱ्या एका नळात इंटेलिजंट पिग सोडला. त्याने आणलेली गंजाची मापं पाहून कंपनीने ऑगस्टमध्ये तो नळही बंद केला.