चाकराची भाकर

१८७० सालच्या फेब्रुवारी महिन्यात मुंबई बंदरातून 'ग्रेट ईस्टर्न' नावाचे एक प्रचंड जहाज निघाले. मुंबईपासून एडनपर्यंत तारायंत्राची केबल समुद्रतळाशी अंथरण्याचे काम त्याच्याकडे होते. हा प्रवास इतिहासात नोंदला गेला आहे. परंतु त्या जहाजावरच्या एका लहानशा सोयीची आठवण फारशी कोणाला नसते. इतक्या अवाढव्य जहाजाचे सुकाणू केवळ हाताच्या बळावर फिरवणे म्हणजे अनेक माणसांचे काम. 'ग्रेट ईस्टर्न'वर मात्र एक माणूस चाक फिरवी आणि वाफेचे एक इंजिन त्याच्या हाताबरहुकूम सुकाणू वळवी. चाक जितके फिरले तितकेच सुकाणू वळायचे आणि तेथेच थांबायचे, ही त्यातली खुबी. १८७३ साली फार्को या फ्रेंच अभियंत्याने अशा यंत्रांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यांना 'सर्व्होमोटर' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'सर्व्हस' म्हणजे दास, चाकर.

त्याच कुळातला एक चाकर आज चार सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद अशा डबीत मावतो, आणि रेडिओच्या आज्ञेने चालणाऱ्या लहान ट्रकची पुढची चाके वळवतो. खऱ्या ट्रकच्या एकदशांश आकाराची ही वाहने पाहून कोणी त्यांना खेळणी म्हणेल. मीही म्हणत होतो. परंतु माझ्या भाच्याच्या ट्रकने मला तीन आठवडे जो अभ्यास करायला लावला, त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

झाले असे. भाच्याने वर्षभर साठवलेल्या पैशांतून आपल्या ट्रकसाठी एक नवा, बलदंड सर्व्हो आणला. जुना प्लॅस्टिकच्या दातांचा होता आणि दगडांत चाक अडकले की हात टेकत असे. नव्याच्या खोक्यावर पस्तीस किलो-सेंटिमीटर असा आकडा छापलेला होता. पहिल्याच रविवारी टेकडीवरच्या दगडांत ट्रक सोडला. सपाटीवर सारे ठीक होते. चाक दगडाला टेकून त्याने वळण दिले मात्र, ट्रक निश्चेष्ट पडला. क्षणभराने पुन्हा जिवंत झाला, पुन्हा वळण दिले, पुन्हा निश्चेष्ट. मुलाचा चेहरा उतरला. "मामा, दुकानदाराने फसवलं," एवढेच तो म्हणाला. मला मात्र संशय वेगळाच आला, कारण माझे सारे आयुष्य विजेच्या खात्यात गेले आहे आणि असे अंग टाकणारे दिवे मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुखणे समजण्यासाठी या चाकराचे पोट उघडून पाहिले पाहिजे. आत एक लहान विद्युत् मोटर असते. तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी दंतचक्रांची माळ असते. शेवटच्या चक्राला एक फिरता विद्युत्‌रोध जोडलेला असतो, आणि या सर्वांवर देखरेख करणारे एक लहानसे मंडल. ट्रकमधला रिसीव्हर साधारणतः सेकंदाला पन्नास वेळा या मंडलाकडे एकेक स्पंद पाठवतो. स्पंद दीड सहस्रांश सेकंदाचा असेल तर चाके सरळ; एक सहस्रांश किंवा दोन सहस्रांश असेल तर एका किंवा दुसऱ्या टोकाला. मंडल स्पंदाची लांबी आणि विद्युत्‌रोधाने सांगितलेली प्रत्यक्ष जागा यांची तुलना करते व फरक मिटेपर्यंत मोटर फिरवत राहते. येथेच चाकराचा गुण आणि त्याचा धोका दोन्ही आहेत. चाक दगडात अडले तरी आज्ञा पुरी झाली नाही एवढेच त्याला कळते. मग तो मिळेल तितका प्रवाह ओढून झटत राहतो. अडलेल्या मोटरीत काम शून्य होते आणि ओढलेल्या विजेची उष्णता होते.

भाच्याच्या सर्व्होच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिले होते की ७.४ व्होल्टांवर पूर्ण अडलेल्या अवस्थेत तो पाच अँपियर प्रवाह घेतो. हे झाले सदतीस वॅट. आता त्याला वीज कोठून मिळत होती? मुख्य मोटरीचा वेग आवरणारा जो वेगनियंत्रक असतो, त्याच्याच पोटात एक लहान पुरवठा-मंडल असते. छंदी मंडळी त्याला बीईसी म्हणतात. पूर्वी रिसीव्हरसाठी वेगळी बॅटरी ठेवावी लागे, ती या मंडलाने वाचवली. आमच्या ट्रकातले बीईसी सहा व्होल्टांचे होते आणि दोन अँपियरच्या पलीकडे त्याची ऐपत नव्हती. सहा व्होल्टांवर नवा सर्व्हो अडला तर चार अँपियर मागणार. घरात भाकरी दोघांची आणि पाहुणा तालमीतला पैलवान, असा हा प्रसंग.

तरीही ट्रक पुनःपुन्हा जिवंत का होत होता? सर्व्हो आणि रिसीव्हर एकाच ताटात जेवतात, हे त्याचे उत्तर. सर्व्होने ओढ घेतली की दाब कोसळतो. ठराविक पातळीच्या खाली रिसीव्हर शुद्ध हरपतो. रिसीव्हर गप्प झाला की आज्ञा थांबते. आज्ञा थांबली की सर्व्हो सैल पडतो. मग दाब पुन्हा चढतो आणि रिसीव्हर डोळे उघडतो. नीचांक धरून ठेवणारा मीटर लावून पाहिले, तेव्हा सहा व्होल्ट साडेतीनच्याही खाली उतरलेले दिसले. खात्रीसाठी सर्व्होला चार लहान सेलांची वेगळी वीज दिली, ऋण तार मात्र रिसीव्हरशी सामायिक ठेवली. ही ऋण तार विसरली तर स्पंदाला आधारच राहत नाही. एवढे करताच झटके थांबले. दुकानदार निर्दोष होता. मुलाने त्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मात्र परत घेता येण्यासारख्या नव्हत्या.

आमचा ट्रक दगडांवर गोगलगाईच्या गतीने चालतो, म्हणून हे दुखणे केवळ चीड आणणारे ठरले. वेगवान ट्रकात तेच दुखणे घातक होते. चार किलो वजनाचा ट्रक ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा वेगवान गोलंदाजाने ताशी एकशे चाळीस किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या दुप्पट भरते. असा ट्रक मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलांकडे जात असताना, वळण देण्याच्या नेमक्या क्षणी त्याची शुद्ध हरपणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. वळताना अधिक जोर लागतो, आणि म्हणूनच तो वळतानाच बेशुद्ध होतो.

मग सर्व्हो निवडावा कसा? प्रथम त्या छापील आकड्याचा अर्थ. पस्तीस किलो-सेंटिमीटर म्हणजे दांड्याच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर पस्तीस किलोची ओढ. हात अडीच सेंटिमीटरचा असेल तर ओढ चौदा किलोच उरते. शिवाय हा आकडा सर्वांत अधिक व्होल्टांवरचा आणि मोटर पूर्ण अडलेल्या क्षणाचा असतो; सतत वापरण्याजोगी शक्ती त्याच्या निम्म्याहूनही कमी धरावी. जाहिरातीतला आकडा लग्नाच्या पत्रिकेतल्या वराच्या पगारासारखा वाचावा, असे माझे मत आहे.

गरज किती हे मात्र घरीच मोजता येते, आणि या सबंध खटाटोपात मला सर्वांत आनंद या मोजणीने दिला. ट्रकमध्ये बॅटरी ठेवून तो खडबडीत जमिनीवर उभा करावा. सर्व्होपासून सुकाणूची कांडी सोडवावी, तिला मासळीबाजारात असतो तसला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवावा आणि चाके टोकापर्यंत वळेतो ओढावे. आमच्या ट्रकला चार किलोची ओढ लागली. हात दोन सेंटिमीटरचा, म्हणजे आठ किलो-सेंटिमीटर. दगडांच्या फटीत याच्या दुप्पट धरा, वर थोडी शिल्लक ठेवा. वीस-पंचवीसचा सर्व्हो पुष्कळ झाला असता. पस्तीसचा घेतला ही हौस. मातीच्या मैदानावर पळणाऱ्या हलक्या ट्रकला तर याहून पुष्कळ कमी जोर पुरतो. तेथे साठ अंशांतून फिरायला लागणारा वेळ पाहावा, आणि तो सेकंदाच्या पंधरा शतांशांच्या आत असला तर समाधान मानावे.

दाते धातूचे असावेत हे ओघानेच आले. दांड्यावरच्या खाचा मोजून घ्याव्यात. तेवीस, चोवीस आणि पंचवीस अशा तीन चाली प्रचारात आहेत आणि एकीचा हात दुसरीवर बसत नाही. जुन्या ट्रकात धक्का गिळणारी जी स्प्रिंग असते, ती बलदंड सर्व्होपुढे नमते आणि सारा जोर स्वतःच खाते. दगडांवरच्या संथ ट्रकात ती काढून सरळ धातूचा हात बसवतात. उड्या मारणाऱ्या ट्रकात मात्र ती काढू नये, अधिक ताठ बसवावी. नाहीतर पहिल्याच आपटीत दाते मोजावे लागतात.

आता भाकरीचा प्रश्न. साध्या सर्व्होला तीन अँपियरचे अंगभूत बीईसी पुरते, तेथे उगीच खर्च करू नये. त्याहून मोठा असेल तर दहा अँपियरचे वेगळे बीईसी मुख्य बॅटरीवर जोडावे आणि सर्व्होला मानवेल तेवढेच व्होल्ट त्यावर लावावेत. त्याची वीज रिसीव्हरमार्गे दिली, तर वेगनियंत्रकाकडून येणारी लाल तार खोबणीतून काढून तिच्या टोकाला आच्छादन घालावे. दोन पुरवठे एकमेकांशी भांडू नयेत यासाठी ही काळजी. उरलेल्या दोन तारा तशाच राहतात. मोठ्या सर्व्होला जाड तारेने थेट वीज देऊन रिसीव्हरकडे फक्त स्पंदाची आणि ऋण तार न्यावी हे अधिक बरे, कारण रिसीव्हरच्या त्या नाजूक खिळ्या पाच अँपियरसाठी घडवलेल्या नाहीत.

काही सर्व्हो थेट दोन सेलांच्या लिथियम बॅटरीवर चालतात. तिला ७.४ व्होल्टांची म्हणतात, परंतु पूर्ण भरल्यावर ती ८.४ दाखवते, कागदावर ८.४ स्पष्ट लिहिले असेल तरच हा मार्ग धरावा. तीन सेलांची बॅटरी थेट लावली तर धूर पाहायला मिळतो. रिसीव्हरच्या रिकाम्या खोबणीत एक धारित्र लावण्याचा सल्लाही भाच्याला कोणी दिला होता. क्षणिक खळगा भरायला ते ठीक आहे. पण धारित्र हा रांजण आहे, विहीर नव्हे. अडलेला सर्व्हो तो पाहता पाहता रिता करतो.

आम्ही वेगळे बीईसी बसवले, सहा व्होल्टांवर. ७.४ का नाही, म्हणून भाचा थोडा रुसला. पण ताणकाट्याचा हिशेब त्याच्याच वहीत होता. मग ट्रान्समीटरवर दोन्ही टोकांच्या मर्यादा अशा बांधल्या की चाके अडायच्या किंचित आधीच सर्व्हो थांबावा. टोकाला नेल्यावर तो गुणगुणत राहिला तर तो उभ्याउभ्या भाजतो आहे असे समजावे. पहिल्या फेरीनंतर त्याच्या पाठीवर बोट ठेवून पाहिले, कोमट होता. आदेश तुटला तर वेग आपोआप शून्यावर यावा ही नेमणूकही ट्रक चौथाईवर उचलून धरून, ट्रान्समीटर बंद करून दोनदा तपासली.

पुढच्या रविवारी तोच दगड, तेच वळण. चाक कुरकुरले, दगड थोडा सरकला आणि ट्रक वर चढला. भाच्याने मागे वळून न पाहताच विचारले, "मामा, मागची चाकंही वळवायची असतील तर आणखी एक सर्व्हो किती अँपियर खाईल?"