मुंबईची बस : मालकी कोणाची?

(व्याख्यानाचा संक्षेप)



मुंबईची बस आपण लोकांची म्हणतो. पण ती जन्मली एका खासगी कंपनीच्या पोटी. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, तीही खासगी कंपनीचीच. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी पुढे आली, १९०७ मध्ये ट्राम विजेवर धावू लागली आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली.

वीज आणि वाहतूक एकाच हाती होती, ही यातली मर्माची गोष्ट. ट्राम ही विजेची हक्काची गिऱ्हाईक, आणि वीज हा नफ्याचा भरवशाचा झरा. कंपनीचे संचालक काही धर्मादाय करीत नव्हते. दाट वस्तीतून उतारूंची वाण नव्हती, तिथे ट्राम गेली. शहराच्या बेटाबाहेर ती कधीच गेली नाही. मात्र मूळ करारात कंपनी विकत घेण्याचा हक्क पालिकेने राखून ठेवला होता. तो बजावून ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, पालिकेने ती ताब्यात घेतली. १९५० मध्ये शहराची हद्द उपनगरांत वाढली, तशी बसही तिच्यामागे गेली. तोट्याच्या मार्गांचा भार विजेच्या शिलकीने उचलला. म्हणजे पूर्वी जो झरा भागधारकांकडे वाहत होता, तो आता उतारूंकडे वळला. पुढे वीजनियमनाच्या नव्या व्यवस्थेत ही वाट बंद होत गेली, आणि बसचा तोटा तेवढा उघड्यावर पडला.

त्या तोट्यावर काढलेला तोडगा म्हणजे भाडेतत्त्वावरील गाड्या. गाडी कंत्राटदाराची, चालकही त्याचाच; उपक्रमाने किलोमीटरमागे पैसे मोजायचे. हिशेबाला हे स्वस्त दिसते. पण स्वस्ताई येते कुठून? मुख्यतः चालकाच्या पगारातून. त्याच कामाचे दोन दर एका रस्त्यावर चालू लागतात, आणि याला कार्यक्षमता म्हणावे, हे अर्थशास्त्र मला तरी कोणी शिकवले नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी संप केला. शेकडो गाड्या आगारांत उभ्या राहिल्या, उतारू थांब्यांवर ताटकळले. उपक्रमाने त्यांना उत्तर द्यावे, तर चालक त्याचे नोकर नव्हते आणि गाड्याही त्याच्या नव्हत्या. ७ ऑगस्टचा वर्धापनदिन त्या वर्षी संपातच उजाडला.

१९०५ च्या करारात खरेदीचे कलम घालणारे नगरपिते समाजवादी नव्हते, तरी एवढी दूरदृष्टी त्यांना होती. आजच्या कंत्राटांत मुदत संपल्यावर गाड्या, आगारे आणि माणसे यांचे काय व्हायचे लिहिले आहे, हे प्रभागाप्रभागांत नगरसेवकांना विचारले पाहिजे.