भाकरी घरातल्या सर्वांना यावी



१९७० साली सिडको महामंडळ आले आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. बरीचशी भातशेती गेली, आगरी घरातली तांदळाची भाकरी मात्र राहिली. पण थापणारे हात एकाच बाईचे! आमचे एक खाचर अजून कसायला आहे. ऐन लावणीत मी तापाने पडले, तर घरात तांदूळ असून चार दिवस विकतच्या पावावर काढावे लागले. बरी झाल्यावर मालकांना आणि मुलाला भाकरी शिकवायला घेतली.

नवशिक्याची भाकरी मोडते ती उकडीपायी. गव्हासारखा चिकटा तांदळात नसतो. पीठ उकळत्या पाण्यात पडले, की फुगून धरून राहते. वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ घालावे. उकळी आली की वाटीभर पीठ घालून ढवळावे, झाकावे, उतरवावे. नव्या तांदळाला पाणी जरा कमीच. उकड गरम असतानाच पाण्याच्या हाताने मऊ मळावी. इथे कंटाळा केलात, की कडा फाटल्याच म्हणून समजा. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवावे, ते सुकायच्या आत उलटावी. दुसरी बाजू नीट भाजून पुन्हा उलटली, की फुगते.

मुलाची पहिली भाकरी नकाशासारखी झाली. खाल्ली आम्ही! आता लावणीच्या दिवसांत तो उकड काढतो, मालक थापतात, आणि मी उजाडताच खाचरावर जाते.