आधी हात आवरायला शिका



बारावीचे निकाल लागले, की ओळखीपाळखीचे पालक माझ्याकडे येऊ लागतात. 'मुलगा कॉम्प्युटरमध्ये हुशार आहे. सायबर गुन्ह्यांच्या तपासाचं शिक्षण द्यावं म्हणतो.' मी विचारते, 'त्याला धीर आहे का?' त्यांना वाटतं, बाई विषय बदलताहेत.

असं का विचारते, ते सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी या कामात नवी होते. एका नोकरदार मुलीच्या नावाने कुणीतरी घाणेरडी ई-मेल पाठवत होतं. संशयिताचा संगणक समोर आला आणि उत्साहाच्या भरात मी तो सरळ सुरू केला. हवा तो मजकूर दहा मिनिटांत सापडला. मला कोण आनंद झाला! पुढे कोर्टात बचावाच्या वकिलांनी एवढंच विचारलं, 'बाई, तुम्ही संगणक सुरू केलात, तेव्हा किती फाइलींच्या तारखा बदलल्या?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. संगणक नुसता चालू केला, तरी कितीतरी फाइली आपोआप बदलतात. तो पुरावा बाजूला पडला. ती मुलगी मागच्या बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही.

त्या दिवशी मला माझा व्यवसाय कळला. शोधणं नंतर, आधी जपणं. हार्ड डिस्क हाती आली, की ती 'राइट ब्लॉकर' नावाच्या उपकरणातून जोडायची. त्यातून वाचता येतं, लिहिता येत नाही. मग तिची हुबेहूब नक्कल करायची आणि तपासणी त्या नकलेवरच. दोन्ही तंतोतंत सारख्या आहेत हे 'हॅश' या आकड्याने ठरतं. हा आकडा म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. आत एक स्वल्पविराम बदलला, तरी ठसा बदलतो. मोबाइलला बाहेरून कुणी संदेश पाठवून आतला मजकूर पुसू नये, म्हणून तो लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवायचा. कुणाच्या हातून कुणाच्या हाती काय गेलं, याची नोंद वेळेसकट करायची.

ही शिस्त किती मोलाची, हे जालन्याच्या एका खटल्यात दिसलं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद होता. पुरावा होता कचेरीतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अशा चित्रणाची नक्कल सादर करताना कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच, असं न्यायालयाने जुलै २०२०मध्ये सांगितलं. सगळे प्रयत्न करूनही संबंधित अधिकारी ते देत नसेल, तरच सूट. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यातल्या प्रमाणपत्रात हॅशची नोंद आणि तज्ज्ञाची सहीही लागते. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, अशीही तरतूद नव्या फौजदारी कायद्यात आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. म्हणजे माणसं लागणार आहेत.

शिकायचं कुठे? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं एक केंद्र गोव्यातही आहे. संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी घेऊनही या क्षेत्रात येता येतं. मात्र मोठी जाहिरात पाहून फी भरू नका. शिकवणाऱ्याने कधी कोर्टात साक्ष दिली आहे का, प्रयोगशाळा आहे का, पदवीला मान्यता आहे का, हे आधी विचारा.

मुलांनो, तुम्हालाही एक सांगते. इथे सिनेमातला थरार नाही. एकेक नोंद वाचत दिवस जातात. लहान मुलांच्या छळाची चित्रं तपासावी लागतात. ती घरी सोबत येतात. आणि शोधूनही काही सापडलं नाही, तर 'सापडलं नाही' असंच लिहावं लागतं. कधी त्या एका वाक्यानेच निरपराध माणूस सुटतो.

म्हणून मी धीराचं विचारते. संगणक शिकवता येतो. समोरचं यंत्र सुरू करायला हात शिवशिवत असताना तो मागे घेणं, हे मात्र ज्याचं त्यानेच शिकायचं असतं. मी ते एका मुलीच्या नजरेतून शिकले. तुम्ही वर्गातच शिकलात, तर बरं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)