तुझा बडग्या कशाचा?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीतून मारबत, म्हणजे पीडेचा मोठा पुतळा, निघते. काळी मारबत १८८१ पासूनची. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, ज्याला जो त्रास त्याचा बडग्या. मनातली पीडा नाव घेऊन रस्त्यावर आणायची रीत आपल्याकडे जुनीच आहे!

प्राथमिक शाळेतल्या बाईंनी हाच धागा पकडावा. मुलांना चित्र काढायला देऊन विचारावं, ‘तुझा बडग्या कशाचा?’ कुणी पाढ्यांचा काढेल, कुणी डबा हिसकावणाऱ्या पोराचा. ती चित्रं भिंतीवर मात्र लावू नयेत. एकेकाशी निवांत बोलावं.

सहा-सात वर्षांचं मूल ‘मला टेन्शन आहे’ म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं, तेही नेमकं शाळेच्या वेळी. दुखणं खरंच असतं, बहाणा म्हणून झिडकारू नका. डॉक्टरांना दाखवूनही ते आठवडेच्या आठवडे चाललं, झोप-जेवण बिघडलं, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मूल धोक्यात असेल तर १०९८.

आणि भर वर्गात ‘ढ’ म्हणून हिणवणं? शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम छडीसोबत मानसिक छळालाही मनाई करतं.