कांद्याचं मूळ काय सांगतं?

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



तुमच्यापैकी बरेच जण मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडून आले आहात. मोसम, कामवारी, पंचगंगा या तुमच्या नद्या. यंत्रमाग, सायझिंग, डाइंग हे शब्द मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. नाल्याच्या पाण्याचा रंग आज वेगळा आणि उद्या वेगळा का असतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पण ते पाणी किती विषारी आहे, असं विचारलं तर आपल्याकडे दोनच उत्तरं असतात. 'सगळं जहर आहे' किंवा 'काही होत नाही, आम्ही इथंच वाढलो.' दोन्ही उत्तरं मोजून दिलेली नाहीत. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. म्हणून आज मोजायची एक साधी रीत सांगते. तिला लागतात कांदे, काचेचे ग्लास आणि मोजपट्टी.

प्रयोगशाळा सांडपाण्याचे आकडे देते. नदीत सोडायच्या पाण्यासाठी आपल्या सर्वसाधारण मानकांत पीएच ५.५ ते ९, बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम आणि सीओडी २५० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. हे आकडे हवेतच. पण प्रत्येक आकडा एकाच गोष्टीची चौकशी करतो. रंग, मीठ, कॉस्टिक, धातू एकत्र आले की जिवंत पेशीचं काय होतं, ते या आकड्यांतून कळत नाही. कायद्यालाही हे मान्य आहे. म्हणून त्याच मानकांत माशांची चाचणी आहे: न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. माशांची चाचणी घरात किंवा वर्गात करणं सोपं नाही. वनस्पतीची करता येते.

कांदाच का? त्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात आणि ती चांगली मोठी, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारी. मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात आणि विषाचा पहिला स्पर्श त्या टोकालाच होतो. स्वीडनमध्ये आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कोल्चिसिन या द्रव्याचा परिणाम कांद्याच्या मुळांवर तपासला. माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे १९५६ मध्ये जो हिन त्जिओ यांच्यासोबत दाखवून देणारे लेव्हान ते हेच. पुढे १९८५ मध्ये गेइरिड फिस्केशो यांनी पर्यावरणाच्या तपासणीसाठी कांद्याची चाचणी प्रमाण म्हणून मांडली. डकवीड या पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक वनस्पतीची सात दिवसांची चाचणीही आंतरराष्ट्रीय पातळीवर २००६ पासून प्रमाणित आहे. तेव्हा हा शाळेतला खेळ नाही.

आता कृती. नमुना सार्वजनिक नाल्यातून घ्या, कुणाच्या आवारात शिरू नका. हातमोजे घाला. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, भरा, वर जागा, तारीख, वेळ लिहा, बर्फात ठेवून आणा आणि लवकर वापरा. कांदे एकाच ढिगातले, लहान आणि सारख्या आकाराचे घ्या. कोंब येऊ नये म्हणून विकिरण केलेले कांदे नकोत. लासलगावला ते काम होतं, तेव्हा विचारूनच घ्या. वाळलेली मुळं हलक्या हाताने खरवडा, बुडाच्या कडेला जखम होऊ देऊ नका.

पाच पाणी तयार करा: शुद्ध सांडपाणी, मग ५०, २५ आणि १० टक्के, आणि पाचवं नुसतं साधं पाणी. नळाचं पाणी क्लोरिन उडून जाण्यासाठी रात्रभर उघडं ठेवा. प्रत्येक पाण्यासाठी निदान पाच कांदे, फक्त बूड पाण्याला टेकेल असे. उन्हापासून दूर ठेवा, रोज पाणी बदला. ७२ तासांनी मुळं मोजा. मोजणाऱ्याला कोणता ग्लास कशाचा हे माहीत नसावं, कारण आपल्याला हवं तेच डोळे बघतात.

समजा साध्या पाण्यात मुळं सरासरी ४० मिलिमीटर वाढली आणि २५ टक्के सांडपाण्यात २० मिलिमीटर. म्हणजे एक भाग सांडपाण्यात तीन भाग चांगलं पाणी मिसळूनही वाढ निम्मीच झाली. हे झालं मोजलेलं उत्तर. मुळं वाकडी झाली, हुकासारखी वळली, तपकिरी पडली, तर तेही लिहून ठेवा.

इथं तीन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, मेथी-मूग रुजवून पाहणं सोपं वाटतं, पण बी स्वतःची शिदोरी घेऊन येतं. घाण पाण्यातही ते रुजू शकतं. म्हणून किती बिया रुजल्या एवढ्यावर थांबू नका, मुळाची लांबी मोजा. दुसरं, सांडपाण्यात नत्र-स्फुरद असेल तर पातळ मिश्रणात मुळं उलट जास्त वाढू शकतात. त्याचा अर्थ पाणी चांगलं आहे असा नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: कापड रंगवताना भरपूर मीठ वापरतात आणि नुसत्या मिठानेही मूळ खुंटतं. म्हणून तेवढ्याच खारटपणाचं मिठाचं पाणी वेगळं करून त्यातही कांदे ठेवा. दोन्हीकडे सारखीच घट झाली, तर मीठ हा मोठा दोषी. सांडपाण्यात घट जास्त असेल, तर आणखी काहीतरी आहे. ते काय आहे हे कांदा सांगणार नाही, ते रसायनशास्त्रानेच शोधावं लागेल.

आणि कांद्याचं मूळ आखूड राहिलं म्हणजे वस्तीत कॅन्सर होणार, असं कुणी लिहिलं तर ते खोटं आहे. अशी एक पोस्ट फिरली की तुमची सगळी मेहनत वाया जाते.

आता अवघड मुद्दा. हे पाणी सोडणारा दर वेळी कुणी लांबचा शेठ नसतो. कारखाना आपल्या शेजारच्या चाचांचा असतो, रंगाच्या टाकीवर आपलाच मामेभाऊ उभा असतो. 'आवाज केलात तर चूल बंद होईल' असं घरातूनच ऐकावं लागतं. ती भीती खोटी नाही. पण मोजमाप नसेल तर वाद 'बंद करा' आणि 'गप्प बसा' यांच्यातच अडकतो. मोजमाप असेल तर नेमकं मागता येतं. प्रक्रिया केंद्रात जाणारं आणि तिथून बाहेर येणारं, दोन्ही पाणी तपासा. जैविक प्रक्रियेने बीओडी उतरतो, विरघळलेलं मीठ मात्र जात नाही. बाहेरच्या पाण्यातही मुळं खुंटत असतील, तर मागणी कारखाना बंद करण्याची नसून मीठ वेगळं काढण्याची, पाणी पुन्हा वापरण्याची होते. आणि टाकीवरच्या भावाला हातमोजे मिळावेत, हीही त्यातलीच मागणी आहे.

कायद्याची मर्यादाही लक्षात ठेवा. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या रीतीने घेतलेला नमुनाच कारवाईत पुरावा ठरतो. तुमचा कांदा ठरत नाही. पण त्याच कायद्याने संमतीपत्रातल्या अटींची नोंदवही बाधित व्यक्तीला पाहता येते आणि तपासणीचे अहवाल २००५ च्या माहिती अधिकारात मागता येतात. तुमची वही आणि त्यांचा अहवाल शेजारी शेजारी ठेवा. जिथं दोन्ही जुळत नाहीत, तिथला नमुना अधिकृतपणे घ्या, असा लेखी अर्ज करा. अर्जावर पोच घ्यायला विसरू नका.

इथून गेल्यावर पाच जणांचा गट करा. त्यात मुली असू द्या, सायन्सचा एकतरी विद्यार्थी असू द्या, आणि जमलं तर डाइंगमध्ये काम करणारा एकजणही. एकाच जागेचा नमुना महिन्यातून एकदा, सलग सहा महिने तपासा. वापरलेले कांदे खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. सहा महिन्यांच्या वह्या घेऊन पुन्हा भेटू, तेव्हा बोलण्याची पाळी तुमची असेल.